साठीनंतर कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कसा वाचायचा
आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर पहिल्याच ओळीवर जाते: टोटल कोलेस्टेरॉल. तो आकडा 200 च्या वर दिसला की घरात घबराट होते आणि खाली असला की निश्चिंती. दोन्ही घाईचं आहे.

दोन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. एका आजींचं टोटल 224, एचडीएल 62, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक प्रकारची चरबी) 130. एका काकांचं टोटल 188, एचडीएल 32, ट्रायग्लिसराइड 210, आणि त्यांना शुगरही आहे. पहिल्या ओळीत ठळक अक्षरात छापून येतो तो आजींचा आकडा, पण जास्त काळजी काकांची करायला हवी.

एचडीएल रक्तवाहिन्यांतली चरबी परत यकृताकडे नेतं. ते पुरुषांत 40 च्या आणि बायकांत 50 च्या खाली गेलं तर कमी समजतात. टोटलमधून एचडीएल वजा केलं की उरतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिनीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. आजींचं 162 आणि काकांचं 156, जवळपास सारखंच. पण शुगर, बीपी, तंबाखू, आधी आलेला झटका किंवा लकवा यांपैकी काही असेल तर मर्यादाही कडक होते. शुगर असलेल्या किंवा झटका, लकवा येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) बहुधा 70 च्या खाली ठेवायला सांगतात. काकांचं 114 आहे. म्हणून रिपोर्टच्या बाजूला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा प्रत्येकाला सारखी लागू पडत नाही.

एलडीएल बऱ्याचदा थेट मोजलेलं नसतं, हिशोबाने काढलेलं असतं: टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हा हिशोब चुकतो. तेव्हा नळीत रक्त गोठल्यावर वर येणारं पिवळसर पाणी दुधासारखं गढूळ दिसतं. अशा वेळी एलडीएल थेट मोजून घ्यावं.

ट्रायग्लिसराइड आदल्या रात्रीच्या जेवणाने आणि दारूने लवकर वाढतं. वरून तेल ओतलेला गोळाभात किंवा तर्री खाऊन सकाळी रक्त दिलं तर आकडा खोटा वर दिसू शकतो. तपासणीआधी दोन-तीन दिवस नेहमीचंच जेवण घ्या, दारू घेऊ नका. रात्री आठला जेवून सकाळी सात-आठला या. पाणी मात्र प्या, विशेषतः उन्हाळ्यात. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि आकडे थोडे चढतात. बीपीची आणि थायरॉईडची गोळी पाण्यासोबत चालते. शुगरची गोळी आणि इन्सुलिन सोबत आणा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर रक्त दिल्यावर खाताना घ्या. उपाशीपोटी घेतल्यास शुगर एकदम उतरू शकते. आल्यावर पाच-दहा मिनिटं बसा, मगच रक्त द्या.

नुकताच ताप, मोठं ऑपरेशन किंवा हार्ट अटॅक झाला असेल तर एलडीएल काही आठवडे खोटं कमी येतं. म्हातारपणी काही न करता आकडा घटत गेला आणि वजनही उतरलं, तर ती खुशखबर समजू नका, डॉक्टरांना दाखवा. सिकलसेलच्या रुग्णांत कोलेस्टेरॉल मुळातच कमी आढळतं, तेव्हा तसं आधी सांगा. उलट एलडीएल अचानक चढलं तर थायरॉईड तपासून घ्यावं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे: रिपोर्ट चांगला आला म्हणून अॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी बंद करणं. आकडा गोळीनेच उतरलेला असतो. बंद केली की काही आठवड्यांत परत चढतो. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी पुन्हा तपासा. आठवडाभर सोयाबीनची सोंगणी केल्यावर पाय दुखले तर दोष गोळीचाच असेल असं नाही, आणि त्या दिवसांत सीपीके (स्नायूंना ताण पडला की रक्तात वाढणारा घटक) हेही मेहनतीने वाढलेलं येतं. काम न करता दोन्ही मांड्या, खांदे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारा; लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. पंच्याहत्तरीनंतर नवी गोळी सुरू करायची की नाही, हे एकट्या आकड्यावर ठरत नाही. माणसाची ताकद, चालू औषधं आणि आधीचे आजार पाहून डॉक्टर ठरवतात.

तेलाच्या पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं. सोयाबीन, सरकी, जवस, कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. बघायचं ते किती तेल लागतं ते: माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर.

डॉक्टरांकडे जाताना जुना रिपोर्टही न्या. दोन तपासण्यांत 5-10 टक्के फरक एरवीही पडतो.