ताऱ्यातला लाल ठिपका: युद्धारंभीच्या अमेरिकन लढाऊ विमानांचे रंग

निळ्या वर्तुळात पांढरा तारा आणि ताऱ्याच्या मधोमध लाल ठिपका दिसला, तर विमानाची रंगसंगती मे १९४२ च्या आधीची, हा पहिला ठोकताळा. मॉडेल रंगवताना सर्वांत जास्त चुका याच काळात होतात, कारण दीड वर्षात नियम चार-पाच वेळा बदलले.

त्याआधी नौदलाची विमानं भडक असायची: धड चंदेरी, पंख वरून पिवळे. पाण्यात पडलेलं विमान पिवळ्यामुळे दुरून दिसे. १९३७ पासून शेपटीच्या रंगावरून विमान कुठल्या विमानवाहू जहाजावरचं ते कळायचं. साराटोगाची पांढरी, यॉर्कटाउनची लाल, एंटरप्राइजची निळी. ३० डिसेंबर १९४० च्या आदेशाने जहाजांवरची विमानं नखशिखांत फिकट करडी झाली. ऑक्टोबर १९४१ मध्ये वरची बाजू निळसर करडी करायचं ठरलं, खालची फिकट करडीच राहिली. दोन्ही रंग बिनचमकीचे.

लष्कराची पी-४० लढाऊ विमानं १९४० मध्येच कारखान्यातून वरून डार्क ऑलिव्ह ड्रॅब ४१ आणि खालून न्यूट्रल ग्रे ४३ अशी येऊ लागली. हा ऑलिव्ह ड्रॅब उन्हात लवकर विटून तपकिरीकडे झुके. पी-४० चं सुकाणू, एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखांच्या हलत्या पट्ट्या) आणि एलेरॉन (मुख्य पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) कापडी. तिथे रंग पत्र्यापेक्षा वेगळा उतरत असे. सगळं विमान एकाच छटेत रंगवलं की ते खेळण्यासारखं दिसतं, ते यामुळेच. १९४१ मध्ये उजव्या पंखावरचा आणि डाव्या पंखाखालचा तारा काढून धडाच्या दोन्ही बाजूंना तारे दिले गेले. जुना तारा झाकलेल्या जागी ताजा रंग गडद उठून दिसे, ते ठिगळ मॉडेलवर जरूर दाखवावं.

७ डिसेंबर १९४१ च्या रात्री पर्ल हार्बरवर उतरायला आलेल्या एंटरप्राइजच्या सहा वाइल्डकॅट लढाऊ विमानांवर आपल्याच तोफा चालल्या आणि तीन वैमानिक गेले. अंधारात कुठलीच खूण उपयोगी पडली नसती. तरी आपलं विमान आपल्यांना कसं ओळखू यावं, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. ५ जानेवारी १९४२ ला नौदलाने दोन्ही पंखांवर, वर आणि खाली, तारे परत आणले आणि सुकाणूवर तेरा आडवे पट्टे दिले: सात लाल, सहा पांढरे.

पण जपानी विमानांची खूण लाल गोळाच. घाईत नजरेत आधी लाल भरतो, मग भोवतीचा तारा कोण बघतो? मेच्या सुरुवातीला कोरल समुद्रातले वाइल्डकॅट ठिपके आणि पट्टे घेऊनच लढले. त्याच महिन्यात दोन्ही काढण्याचा हुकूम निघाला आणि जूनमधल्या मिडवेच्या लढाईत ते नव्हते. ठिपका पांढऱ्याने झाकला जाई, म्हणून ताऱ्याचा मध्य कडांपेक्षा स्वच्छ दिसे.

डेकल (मॉडेलवर चिकटवायची छापील खूण) तपासायची सोपी रीत: ठिपका ताऱ्याच्या आतल्या पंचकोनाच्या बाजूंना नेमका टेकला पाहिजे. म्हणजे त्याचा व्यास निळ्या वर्तुळाच्या सुमारे ३१ टक्के. बाजारातले पुष्कळ डेकल इथे फसतात.

चीनसाठी लढणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या फ्लाइंग टायगर्स या तुकडीची पी-४० या सगळ्यात बसत नाहीत. ती ब्रिटिश मागणीतून चीनकडे वळवलेली, म्हणून वरून हिरवा-मातकट ब्रिटिश नमुना. पी-४० बनवणाऱ्या कर्टिस कंपनीने रबरी चटयांचे साचे वापरल्यामुळे दोन रंगांमधली रेघ ठसठशीत. इथे एअरब्रशने मऊ कड काढणं चूक. पंखांवर बारा किरणांचा चिनी सूर्य, धडावर स्क्वाड्रनप्रमाणे पांढरा, निळा किंवा लाल पट्टा. नाकावरचा शार्कचा जबडा उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश हवाई दलाच्या ११२ स्क्वाड्रनकडून घेतलेला आणि त्यांनी तो जर्मन बीएफ-११० विमानांवरून उचललेला.

जून १९४३ मध्ये ताऱ्याला दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे जोडले आणि भोवती लाल किनार दिली. काही महिन्यांतच ती किनार निळी करावी लागली.