लक्ष टिकवणारी गोळी आणि हृदय

म्हापशाच्या एका मैत्रिणीच्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यासाठी, मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध सुरू झालं. आठवड्याभरात तिचा फोन. "त्याच्या छातीवर हात ठेवला की ठोके जलद वाटतात गो. गोळी बंद करू?"

तिला भास झाला नव्हता. हे औषध डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं मेंदूच्या पेशींत परत शोषली जाण्यापासून अडवतं. ती जास्त वेळ काम करतात, म्हणून मुलाचं लक्ष टिकतं. पण हृदयाला वेग देणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाही नॉरअॅड्रेनलिनच वापरतात. त्यामुळे नाडी मिनिटाला सरासरी पाचेक ठोक्यांनी आणि रक्तदाब दोन-चार अंकांनी वाढतो. एखाद्या मुलात ही वाढ बरीच जास्त असते. एडीएचडीवरचंच दुसरं औषध, अॅटोमॉक्सेटिन, उत्तेजक नाही म्हणून हृदयाला निर्धोक, असं समजू नये. तेही नॉरअॅड्रेनलिनच वाढवतं.

मग झटका येतो का? २०११ साली अमेरिकेत १२ लाखांहून अधिक मुलं आणि तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अचानक मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात मिळून प्रमाण वर्षाला लाखात तीनच्या आसपास होतं, आणि औषध घेणाऱ्यांमध्ये ते वाढलेलं दिसलं नाही. स्वीडनमधल्या २०२३च्या अभ्यासात मात्र वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांत उच्च रक्तदाब आणि धमन्यांचे विकार अधिक आढळले. म्हणून मोठेपणीही गोळी चालू ठेवणाऱ्यांनी रक्तदाबाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, असं मला वाटतं.

खरा धोका आधीपासून लपलेल्या हृदयदोषाचा. फुटबॉल खेळताना मूल कधी चक्कर येऊन पडलंय? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय? चवथीला सगळे मूळ घरी जमतात, तेव्हा म्हाताऱ्यांना विचारा. "तो काका विशीत झोपेतच गेला" एवढं वाक्यही डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं. असं काही निघालं तर आधी ईसीजी आणि हृदयतज्ज्ञ, मग गोळी. सरसकट प्रत्येक मुलाला ईसीजी लागतोच असं नाही.

नाडी आणि रक्तदाब मात्र प्रत्येकाचा मोजायचा : सुरू करण्याआधी, डोस बदलल्यावर, नंतर दर काही महिन्यांनी. मोजताना दंडावरचा पट्टा मुलाच्या मापाचा आहे ना, बघा. मोठ्यांचा पट्टा लहान दंडाला गुंडाळला तर रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. मैत्रिणीला मी तेच सांगितलं : मनाने बंद करू नको, उद्या डॉक्टरांकडे जा, आणि लहान पट्टा मागून घे.