युद्धकैद्याला आठ दिवसांत सोडावंच लागतं?

"जिनिव्हा करारानुसार पकडलेला सैनिक आठ दिवसांत परत करावाच लागतो", हा मेसेज आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. शेजारच्या काकूंचा भाचा सैन्यात आहे. त्यांनी हा मेसेज मला दाखवला तेव्हा डोळ्यांत आशा होती. म्हणून नीट सांगते.

युद्धकैद्यांविषयीचा करार म्हणजे 1949च्या चार जिनिव्हा करारांपैकी तिसरा. त्याचं कलम 118 सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर विनाविलंब सुटका करायची. दिवसांचा आकडा त्यात नाही. गंभीर जखमी आणि आजारी कैद्यांना मात्र त्याआधीही पाठवावं लागतं. 1971च्या डिसेंबरात भारताच्या ताब्यात आलेल्या सुमारे 93 हजार जणांची परतपाठवणी 1974मध्ये पूर्ण झाली.

मग आठवडा आला कुठून? बहुधा कलम 70मधून. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड लिहू द्यावं लागतं: मी कैदेत आहे, तब्येत अशी आहे, पत्ता हा. वाट पाहणाऱ्या आईसाठी त्या चार ओळी म्हणजे जीव भांड्यात पडणं. मारहाण, धमक्या आणि गर्दीपुढे प्रदर्शन यांना तर पहिल्या क्षणापासून बंदी आहे.

खात्री करायची असेल तर भारताचा 1960चा जिनिव्हा करार कायदा इंटरनेटवर उघडा. तिसऱ्या परिशिष्टात हा करार पूर्ण छापलाय. कलम 13, 70 आणि 118 वाचा.