आयनिक बंध आणि सहसंयुज बंध

अणू एकमेकांशी जोडले जाऊन संयुगे बनतात, त्या जोडणीचे हे दोन प्रमुख प्रकार होत. आयनिक बंधात एका अणूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातो आणि त्यातून तयार झालेल्या धन व ऋण आयनांना, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंना, विद्युत आकर्षण धरून ठेवते. सहसंयुज बंधात दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोडीचे संदान होते, म्हणजे ती जोडी दोघांत सामायिक असते. १९१६ साली वाल्टर कॉसेल यांनी पहिली आणि गिल्बर्ट लुईस यांनी दुसरी कल्पना मांडली.

आयनिक बंधाचे नेहमीचे उदाहरण म्हणजे मीठ. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांचेही अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होते, एवढ्यावर शालेय स्पष्टीकरण थांबते. पण हिशेब मांडला तर ते अपुरे ठरते. सोडियमच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन वेगळे करायला दर मोलला (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक प्रचंड संख्या) ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि क्लोरीनच्या अणूंनी ते स्वीकारल्यावर जेमतेम ३४९ किलोज्यूल परत मिळते, म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत तोटाच आहे. तो भरून निघतो स्फटिकामुळे: सुटे आयन एकत्र येऊन जालक, म्हणजे आयनांची नियमित मांडणी, रचतात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. या जालकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन असतात, त्यामुळे मिठाच्या खड्यात ‘मिठाचा रेणू’ असा वेगळा दाखवता येत नाही. NaCl हे सूत्र फक्त आयनांचे प्रमाण सांगते. खड्यावर घाव बसला की आयनांचे थर सरकून समान प्रभार समोरासमोर येतात आणि तो चपटा न होता सपाट पृष्ठांवर फुटतो. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. खडेमीठ तव्यावर तडतडते ते वितळल्यामुळे नव्हे, तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे.

सहसंयुज पदार्थ बहुधा लवकर वितळतात किंवा उडून जातात, म्हणून त्यांचे बंध कमजोर असतात असा समज होतो. तो चुकीचा आहे. डबीतला कापूर उडतो तेव्हा त्याचे रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणूच्या आतला एकही बंध तुटत नाही. हायड्रोजनच्या रेणूतील बंध तोडायला दर मोलला ४३६ किलोज्यूल लागतात. हिऱ्यात तर रेणूंच्या सीमाच नसतात, सगळा खडा सहसंयुज बंधांनी विणलेला असतो.

दोन्ही प्रकारांमध्ये काटेकोर सीमारेषा नाही. विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची क्षमता. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या मापनश्रेणीवर सोडियमची विद्युतऋणता ०.९३, हायड्रोजनची २.२० आणि क्लोरीनची ३.१६ आहे. सोडियम व क्लोरीन यांच्यातला फरक मोठा आहे, हायड्रोजन व क्लोरीन यांच्यातला त्याहून लहान, त्यामुळे हायड्रोजन क्लोराइड वायूतील बंध सहसंयुज असला तरी इलेक्ट्रॉनांची जोडी क्लोरीनकडे झुकलेली असते आणि पाण्यात विरघळताच त्याचे आयन होतात.

नवसागरात, म्हणजे अमोनियम क्लोराइडमध्ये, दोन्ही बंध एकत्र आढळतात: नायट्रोजन व हायड्रोजन सहसंयुज बंधांनी जोडून अमोनियम आयन बनतो आणि तो क्लोराइडशी आयनिक बंधाने बांधलेला असतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन सहसंयुज वायू होतात. वर जाऊन थंड होताना ते पुन्हा एकत्र येतात, आणि दिसणारा पांढरा धूर हा त्याच आयनिक घनपदार्थाच्या बारीक कणांचा असतो.