पक्षाविरुद्ध मत दिलं की आमदारकी जाते?

दादरच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं ऐकतोय: ‘पक्षाविरुद्ध मत दिलं की आमदारकी गेलीच!’ तसं नाही.

राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, 1985 साली आली. मतदानाबाबत तिच्यात अट आहे ती व्हीपची, म्हणजे कसं मत द्यायचं या पक्षाच्या आदेशाची. व्हीप मोडून मत दिलं किंवा मुद्दाम गैरहजर राहिलं, तरी पक्षाला ते 15 दिवसांत माफ करता येतं. नाही केलं, तर कुणीतरी याचिका करावी लागते आणि निकाल विधानसभेचे अध्यक्ष देतात. आपोआप काहीच होत नाही. सभागृहात भाषणातून पक्षावर टीका करणं म्हणजे व्हीप मोडणं नव्हे.

राज्यसभेच्या निवडणुकीत तर मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, पण वेगळं मत दिलं म्हणून अपात्रता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच हे स्पष्ट केलंय. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांचं मतदान गुप्त असतं, तिथे फुटलेलं मत कुणाचं हे कळतही नाही.

मला खरी खंत वेगळीच वाटते. आपल्या विधानभवनात बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चा गलका, ‘नाही’चा गलका, संपलं. कोणी काय म्हटलं याची नावनिशी नोंद राहत नाही. 4 जुलै 2022 च्या विश्वासदर्शक ठरावाला मात्र शिरगणती झाली. एकेक आमदार उभा राहिला, मोजला गेला: 164 विरुद्ध 99. अशी मोजणी सदस्यांनी मागितली तरच होते. तुमच्या आमदाराने ती शेवटची कधी मागितली, हे त्यांच्या कार्यालयात जाऊन जरूर विचारा.