हिवाळी अयनदिन

हिवाळी अयनदिन म्हणजे वर्षातला सगळ्यात छोटा दिवस आणि सगळ्यात मोठी रात्र. उत्तर गोलार्धात तो बहुतेक वेळा २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, दक्षिण गोलार्धात जूनमध्ये. पृथ्वीचा अक्ष साधारण २३.४ अंश कललेला आहे, डिसेंबरात उत्तर ध्रुव सूर्यापासून पलीकडे झुकलेला असतो आणि सूर्य मकरवृत्तावर भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तिथून तो परत उत्तरेकडे सरकायला लागतो म्हणजेच उत्तरायण सुरू. सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण उलट जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण १४.७ कोटी किमीवर.

आता खरी गंमत. दिवस सगळ्यात छोटा असला तरी सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो काही त्या दिवशी नाही! लंडनमध्ये सगळ्यात लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपासच होऊन जातो आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय डिसेंबरच्या अगदी शेवटी, कारण या दिवसांत सूर्य माथ्यावर यायची वेळ रोज जवळपास अर्ध्या मिनिटाने पुढे जाते, त्यामुळे संध्याकाळ आधी लांबते आणि सकाळ मागे राहते. विषुववृत्ताकडे जावं तसं या तारखा आणि अयनदिन यांच्यातलं दिवसांचं अंतर अजून वाढतं. म्हणून मोठ्या दिवसांची वाट बघणाऱ्यांनी घड्याळ संध्याकाळीच बघावं, सकाळी उठून बघाल तर उगाच हिरमोड.

सुरुवातीला वाढ अगदीच किरकोळ असते, एक काठी उभी करून रोज दुपारच्या सावलीच्या टोकाशी खूण केली तर चार-पाच दिवस खुणा एकमेकींवरच पडतात. मग वेग वाढत जातो, मार्चच्या विषुवदिनाजवळ लंडनमध्ये दिवस रोज जवळजवळ ४ मिनिटांनी वाढतो.

अयनदिनाच्या आसपास सावलीत इतका कमी फरक असूनही नेमका दिवस लोकांनी फार जुन्या काळी पकडला होता हे मला थक्क करणारं वाटतं. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज हे थडगं इसवी सन पूर्व ३२०० च्या सुमाराचं, दारावरच्या झरोक्यातून अयनदिनाच्या सकाळी ऊन १९ मीटर लांब बोळातून थेट आतल्या खोलीत पोचतं. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी १९६७ मध्ये ते स्वतः आत थांबून पाहिलं.

थंडी मात्र लगेच हटत नाही, जमीन आणि समुद्र मिळते त्यापेक्षा जास्त उष्णता अजून काही आठवडे गमावत राहतात, त्यामुळे उजेड वाढत असतानाच बहुतेक ठिकाणी खरा कडाका जानेवारीत पडतो.