टॉर्क कन्व्हर्टर बसवताना लागणारे तीन खटके

ऑटोमॅटिक गाडीबद्दल एक वाक्य सारखं कानावर येतं, की टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद दुप्पट करतो. ऐकायला भारी वाटतं, पण ते चूक आहे. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो हे खरं, पॉवर (जोर गुणिले वेग) मात्र वाढत नाही, उलट थोडी वायाच जाते. हा फरक डोक्यात बसला की पहिल्यांदाच घरी कन्व्हर्टर बदलताना घोळ नेमका कुठे होतो तेही कळतं, म्हणून आधी आतली गंमत बघू.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा, ऑइलने भरलेला गोल, वेल्डिंग केलेला डबा, आत पात्यांची तीन चाकं. पंपाची पाती डब्यालाच जोडलेली आणि डबा फ्लेक्सप्लेटला, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या पातळ चकतीला, बोल्टने बांधलेला, त्यामुळे इंजिन फिरलं की पंप फिरणारच. समोर टर्बाइन, ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसतं. पंप ऑइल कडेकडे भिरकावतो, ते टर्बाइनच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवतं. दोघांमध्ये फक्त ऑइल, म्हणून तर गाडी गिअरमध्ये ब्रेक दाबून उभी केली तरी इंजिन बंद पडत नाही.

ही दोनच चाकं असती तर जेवढा टॉर्क आत तेवढाच बाहेर. खरी कमाल मधल्या छोट्या चाकाची, स्टेटरची! हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये या यंत्रणेचं पेटंट घेतलं तेव्हा डोळ्यासमोर जहाजं होती, स्टीम टर्बाइनचा प्रचंड वेग प्रोपेलरला झेपेल इतका उतरवायचा होता. गाडी जागेवरून निघताना टर्बाइनमधून परतणारं ऑइल पंपाच्या उलट दिशेला वळलेलं असतं, तसंच परत गेलं तर पंपालाच अडवेल. स्टेटरची वाकडी पाती त्याला पकडून पंपाच्या दिशेने वळवतात. आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा, ऑइलला वळवायचं तर स्टेटरला कशावर तरी टेकून उभं राहावं लागणार, तो टेकतो गिअरबॉक्सच्या केसिंगला पक्क्या असलेल्या एका पोकळ शाफ्टवर. हिशोब इतकाच: पंपाचा टॉर्क अधिक स्टेटरचा टॉर्क बरोबर टर्बाइनचा टॉर्क. म्हणजे जादाचा टॉर्क इंजिन देत नाही, न हलणारं केसिंग देतं.

पण जे हलत नाही ते ऊर्जा देऊ शकत नाही. समजा पंप 2000 आरपीएमने फिरतोय, टॉर्क 150 न्यूटन-मीटर, आणि टर्बाइन 800 आरपीएमला 240 न्यूटन-मीटर देतंय. टॉर्कला कोनीय वेगाने गुणलं की आत साधारण 31 किलोवॅट, बाहेर 20. उरलेले 11 किलोवॅट ऑइल तापवण्यात गेले, ऑटोमॅटिकला ऑइल कूलर लागतो तो मुख्यतः यासाठी.

गाडीने वेग घेतला आणि टर्बाइन पंपाच्या साधारण 85-90 टक्के वेगाला पोचलं की परतणारं ऑइल स्टेटरच्या पात्यांवर मागच्या बाजूने आदळायला लागतं. तेव्हा त्याच्या पोटातला वन-वे क्लच त्याला मोकळा सोडतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा, एका दिशेला फिरतो दुसरीकडे अडतो. हा क्लच दोन्हीकडे सुटा झाला तर गाडी निघताना मेल्यासारखी वाटते, जाम झाला तर हायवेवर ओढत नाही आणि ऑइल तापतं. गिअरबॉक्समध्ये ओतायच्या "जादूच्या" बाटल्या याला बरं करतात असं कोणी म्हणालं तर सोडून द्या, झिजलेलं लोखंड बाटलीतून परत येत नाही.

आता बदलायचं काम. गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, आणि गिअरबॉक्स उतरवायला ट्रान्समिशन जॅक, कारण हातावर तोलायचं वजन नाही ते. जुना कन्व्हर्टर ओढला की बाहेर येतो, आतल्या ऑइलसाठी खाली ट्रे ठेवा. गिअरबॉक्सच्या पुढच्या ऑइल पंपाचं (कन्व्हर्टरमधला पंप वेगळा) सील नवीन टाका, नव्या कन्व्हर्टरमध्ये कंपनीने सांगितलेलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, थोडं आधीच भरा.

बसवताना तो ढकलत ढकलत फिरवायचा, तेव्हा एकेक करून खटके लागतात. टर्बाइनच्या खाचा इनपुट शाफ्टवर, स्टेटरच्या खाचा त्या पक्क्या पोकळ शाफ्टवर, आणि डब्याची मान गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात, म्हणजे आतल्या तीन चाकांचे तीन वेगळे जोड, क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये शेवटचा खटका ऑइल पंपाचा, नवशिके नेमके तिथेच फसतात, दोन लागले की झालं असं वाटतं. तसंच बेलहाउसिंग, म्हणजे कन्व्हर्टरभोवतीचं गिअरबॉक्सचं घंटेसारखं आवरण, बोल्टने आवळत इंजिनला भिडवलं तर कन्व्हर्टर ऑइल पंपावर दाबला जातो आणि पंप फुटतो. बेलहाउसिंग हाताने भिडलंच पाहिजे, बोल्ट फक्त धरायला! भिडल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून थोडी फट राहिली पाहिजे, किती ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. मग त्याला पुढे ओढून बोल्ट लावायचे, जुन्याच लांबीचे, कारण लांब बोल्ट डब्याला आतून फुगवटा आणतो आणि लॉक-अप क्लच (वेगात डबा आणि टर्बाइन थेट जोडणारा) जिथे घासून पकडतो ती जागा खराब होते. कूलरच्या नळ्या धुतल्याशिवाय जोडू नका, जुन्या कन्व्हर्टरचा धातूचा चुरा तिथेच अडकून बसलेला असतो.